मागून चिमटणारा घोटा

मी फिजिओथेरपिस्ट. हंगाम सुरू होताना स्पर्धेत उतरणाऱ्या पोहणाऱ्यांचे सांधे तपासायला तलावावर जाते. त्या दिवशी गेल्या गेल्या प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचे घोटे मोजा आणि यादी लावा. ज्याचा घोटा कडक, त्याला दुप्पट स्ट्रेचिंग."

सरांच्या म्हणण्यात तथ्य होतंच. फ्रीस्टाइल किंवा बटरफ्लायमध्ये पाय खाली मारताना पाऊल नडगीच्या रेषेत लांबलं, तर त्याची वरची बाजू पाणी मागे रेटते. घोटा वळलाच नाही तर तेच पाऊल प्रवाहात आडवं येतं. धावण्याच्या सरावातून तयार झालेली माणसं किकबोर्ड म्हणजे तरंगणारी फळी धरून पाय मारतात आणि जागची हलत नाहीत, काही तर चक्क मागे सरकतात, ते यामुळेच. काटकोनापासून मोजलं तर साधारण माणसाचं पाऊल 50 अंशांच्या आसपास खाली जातं. चांगली किक असणाऱ्यांत 70 सहज दिसतात.

मोजायला बसले आणि यादीची पंचाईत झाली. सगळ्यांत कडक घोटा निघाला तो ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुलाचा, आणि किकमध्ये तर तोच सगळ्यांना मागे टाकायचा! त्याला पाऊल वर ओढून बाहेर वळवायचं असतं, पाणी पायाच्या आतल्या बाजूने ढकलायचं असतं. ती हालचाल त्याच्याकडे भरपूर होती. सरांनी कागद घडी करून खिशात टाकला.

मग आली एक बटरफ्लायवाली मुलगी. उजवा घोटा 72 अंश, डावा 54. भिंत सोडल्यावर पाण्याखालून जास्तीत जास्त 15 मीटर जाता येतं आणि तिथेच ती मागे पडायची. पाय कमकुवत म्हणून आधी व्यायामशाळेत पाठवलं होतं, नंतर स्ट्रेचिंग वाढवलं होतं: वज्रासनात बसून मागे रेलायचं, वरून मैत्रिणीने चवडा दाबायचा. हा दाबण्याचा प्रकार मला कधीच पटलेला नाही.

"ताण कुठे जाणवतो तुला?" मी विचारलं. खरं तर तो पावलाच्या वर, पुढच्या बाजूला जाणवायला हवा. तिने काही न बोलता टाचेच्या वरची जाड शीर दोन बाजूंनी बोटांत धरली. "इथे, मॅडम. आत चिमटतं."

टाच हातात धरून मी पाऊल झटकन खाली दाबलं. तिने पाय सोडवून घेतला. उजव्या पायाला तेच केलं तर काहीच नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी बाजूने एक्स-रे काढला. घोट्याच्या टॅलस हाडामागे ऑस ट्रायगोनम नावाचं छोटं सुटं हाड होतं. वाढीच्या वयात मुख्य हाडाला न जुळता राहिलेला हा तुकडा अनेकांत असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण पाऊल पुन्हा पुन्हा टोकापर्यंत खाली वळलं की टाचेचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये तो अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडतो. बॅले नर्तकांमध्ये हे दुखणं ओळखीचं आहे. अशा घोट्याला ताणणं म्हणजे तो चिमटा रोज घट्ट करणं.

वज्रासन बंद केलं. पायात घालायच्या फिन्सही (रबरी पंख) बंद, कारण त्या पाऊल आणखी खाली खेचतात. सर कुरकुरले. "मग किक सुधारायची कशी?" दुखत नाही तेवढ्याच कक्षेत घोट्याची हालचाल, पोटरी आणि तळपायाची ताकद, आणि पाण्यात कंबरेपासून निघणारी लहान किक, एवढंच ठेवलं.

दुखणं हळूहळू ओसरलं. घोटा पुन्हा मोजला तर डावा 57, म्हणजे फरक नावालाच. पण दुखेल या भीतीने ती डावा पाय अर्ध्यावर आवरायची, ते थांबलं. दोन्ही पाय एकत्र पडू लागले आणि पाण्याखालची तिची वेळ कमी झाली. शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांनी हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवलाय. फिन्स परत मिळाल्यात, त्याही आखूड पात्याच्या आणि सरावाच्या शेवटी थोडा वेळच.