राणीबागेतली फुलदाणी, धारावीचं चाक

भायखळ्याच्या राणीबागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोक बहुतेक इमारत बघायला जातात, आणि ती आहेच तशी. आम्ही मात्र बॉम्बे पॉटरीच्या कपाटापाशीच रेंगाळलो, कारण सोबतची मैत्रीण मातीकाम करणारी.

ही भांडी १८७०च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरींच्या देखरेखीखाली सुरू झाली. १८७२पासून तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेत होते. त्या आकृत्या फुलदाण्यांवर उतरल्या. ग्लेझची, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाची, चाल सिंधकडची. संग्रहालयातून नक्षी उचलली म्हणून आजच्या कारागिरांना नावं ठेवणाऱ्यांनी हे कपाट जरूर बघावं. आतला मालही जुन्यावरूनच बेतलेला आहे!

मैत्रिणीने नक्षीकडे फारसं पाहिलंच नाही. उकिडवी बसून ती बुडाची कड, पोटाचा फुगवटा, गळा जिथे सुरू होतो ती रेघ असं वहीत उतरवत राहिली. तिचं म्हणणं, फोटोत नक्षी येते, घडण येत नाही. तेव्हा वही-पेन्सिल न्याच. फ्लॅश मारू नका, काचेत तुम्हीच दिसाल.

बुधवारी संग्रहालय आणि बाग दोन्ही बंद. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. रविवार टाळा, पेंग्विन बघायला अख्खी मुंबई लोटते.

तिथून स्लो लोकलने शीव, आणि पुढे धारावीचा कुंभारवाडा. इथले बरेच कुंभार मूळचे सौराष्ट्रातले. एका काकांनी वहीतलं चित्र बघितलं आणि रेघेवर बोट ठेवलं, "हे एका दमात उठलेलं नाही. वरचा भाग नंतर जोडलाय." करून द्याल का, विचारल्यावर म्हणाले, "आकार देतो. ग्लेझचं तुमचं तुम्ही बघा, माझ्या भट्टीला तेवढा ताव नाही." लगेच चाकावर छोटा नमुना काढून दाखवला. गळा थोडा आखूड झाला, पण मला तोच जास्त आवडला.

भट्टी पेटली की गल्लीत धूर कोंडतो. दम्याचा त्रास असेल तर जपून. फोटो विचारून काढा, ती त्यांची घरंही आहेत. खास काम करून हवं असेल तर दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, सगळे पणत्यांत बुडालेले असतात. पावसाळ्यात माल लवकर वाळत नाही, तेव्हा घाई करून उपयोग नाही. आणि घासाघीस बेतानेच करा.