नाव तिकडून काढलं, इकडं चढेना

माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यात, सासर कर्नाटकातल्या निपाणी भागात. एसटीनं तासाभराची वाट, पण मधे राज्य बदलतं. माझं नाव माहेरच्याच रेशन कार्डावर राहिलंय, हे लग्नाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

घरात सहा माणसं, कार्डावर चारच: सासू-सासरे, नणंद आणि हे. २०२३ च्या जुलैपासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचं माणशी पाच किलो धान्य मिळायचं आणि वाढीव पाच किलोंच्या बदल्यात १७० रुपये. माझं आणि बाळाचं मिळून महिन्याला दहा किलो आणि ३४० रुपये बुडत होते. विड्या वळणाऱ्या घराला हे जड जातं. वीस तारीख उलटली की मी वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडं जायची. त्या पीठ शीग लावून द्यायच्या. फेडताना माझी वाटी सपाट असायची, पण त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत.

इकडं अर्ज केला तर माझं आधार माहेरच्या कार्डाला जोडलेलं निघालं. भावानं दोन खेपा घालून नाव कमी केल्याचा दाखला मिळवला. त्या दिवसापासून माझं नाव दोन्ही राज्यांत कुठंच नव्हतं. इकडं नावं घालायची सोय मोजकेच दिवस सुरू असायची, त्यातही सर्व्हर बंद. अर्ज कन्नडमध्ये, तो नणंदेनं भरला, ती शाळेत कन्नड शिकलीय. बाळंतपण माहेरी झालं होतं, त्यामुळं बाळाच्या जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते दुरुस्त करण्यात आणखी महिना गेला.

शेवटी नावं चढली. त्याच महिन्यात दुकानात सासूबाईंचा अंगठा उमटेना. इतक्या वर्षांच्या विड्यांनी बोटाच्या रेषाच झिजल्यात. पदरानं पुसून, पाण्यानं धुऊन त्यांनी एकेक बोट ठेवून पाहिलं. मागं रांग खोळंबलेली, त्यांची मान खाली. मीच म्हटलं, "अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अशी केंद्राची २०१७ ची सूचना आहे. नाहीतर माझा घ्या, माझं नाव आहे आता कार्डावर." माझा पहिल्याच खेपेला लागला. तीस किलो मिळालं.

आता नणंदेचं लग्न ठरलंय, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिचा नाव कमी केल्याचा दाखला आधीच काढून ठेवूया, असं मी म्हणते. सासूबाई म्हणतात, "तिकडं नाव चढेपर्यंत पोरीच्या वाटणीचं कोण देणार?"