बाबांचा पूर्वी स्टार परत मिळवताना

बाबा हवाई दलात स्टाफ ऑफिसर होते. १९७१च्या युद्धात त्यांची नेमणूक शिलाँगला, पूर्व हवाई कमांडच्या मुख्यालयात होती. ते वारल्यानंतर घर बदलताना त्यांच्या पदकांची पेटी गहाळ झाली. सरकारकडून ती पुन्हा मिळवण्यासाठी लागणारी पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र, आईच्या फॅमिली पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), सगळं पटापट जमलं.

घोडं अडलं ते पूर्वी स्टार या ताऱ्याच्या आकाराच्या पदकापाशी.

संग्राम मेडलला हरकत नव्हती, कारण ते त्या काळात सैन्यदलांत असलेल्या जवळपास सगळ्यांनाच मिळालं होतं. पूर्वी स्टार मात्र पूर्वेकडच्या आघाडीवर असलेल्यांचा, आणि त्याची नोंद "सापडत नाही" म्हणे. टेबलामागच्या माणसाने फाइल मिटवत विचारलं, "साहेब फ्लाइंगमध्ये नव्हते ना? मग ऑफिसातच होते की." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या खेपेला दुसरं टेबल, तरी तोच प्रश्न. पत्र पाठवलं की "विचाराधीन" असं उत्तर. फोन केला की संबंधित माणूस रजेवर.

ऑफिसातच होते! १४ डिसेंबरला ढाक्यातल्या पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या निवासावर, गव्हर्नमेंट हाउसवर, मिग-२१ विमानांनी हल्ला केला. तिथे बैठक होणार ही खबर आधी शिलाँगच्या मुख्यालयात आली आणि तिथून गुवाहाटीला आदेश गेला. वैमानिकांना हाती नकाशा मिळाला तो पर्यटकांसाठी छापलेला! १६ डिसेंबरला ढाका पडलं. कुठल्या तळावरून कोणती विमानं उडवायची, इंधन आणि बॉम्ब कुठे पोहोचवायचे, हे कोणीतरी रात्रभर टेलिफोनला चिकटून ठरवत होतंच ना? बाबा त्यांच्यातले एक होते. त्यांचं युद्ध टेबलापाशी झालं म्हणून ते कमी होत नाही.

शेवटी माहिती अधिकाराने काम केलं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि एकच नेमका प्रश्न: १९७१मध्ये या सर्व्हिस नंबरच्या अधिकाऱ्याची नेमणूक कुठे होती? कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे, त्यामुळे कुणाला तरी कपाट उघडावंच लागलं. उत्तरात शिलाँग स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या कागदाची प्रत जोडली आणि महिनोन्‌महिने न हललेली फाइल हलली.

अर्ज मुलाच्या नावाने करू नका. आई हयात असेल तर तिच्याच सहीने करा, कारण पेन्शनच्या कागदांवर नाव तिचं असतं. आणि अधिकाऱ्यांच्या नोंदी हवाई मुख्यालयात असतात, एअरमनच्या, म्हणजे अधिकारी नसलेल्या हवाई सैनिकांच्या, रेकॉर्ड ऑफिसात. चुकीच्या दारात गेलात तर पत्र नुसतं फिरत राहतं.

"बाजारातून घेऊन टाका", असंही काहींनी सुचवलं. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारात नकली पदकं मिळतात खरी, पण त्यांवर तुमच्या माणसाचं नाव नसतं. सरकारी मेडलच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. आमचं पार्सल आलं तेव्हा आईने भिंग घेऊन आधी तेच वाचलं. अक्षरन्‌अक्षर बरोबर होतं. तुम्हीही पोचपावतीवर सही करण्याआधी तेवढं तपासा, आणि फ्रेम करणार असाल तर आधी पूर्वी स्टार, मग संग्राम मेडल, असाच क्रम लावा.