लिव्हरच्या शिरा तुंबल्या तेव्हा

हातापायाच्या काड्या आणि पोट सातव्या महिन्याएवढं. सलवारची नाडी पुरेना, उजव्या बरगडीखाली सतत ठणका. भांडुपच्या आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली: लिव्हर सुजलंय, पोटात पाणी. जलोदर म्हटल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'घेते की काय ही?' आयुष्यात थेंब शिवला नव्हता, पण सांगणार कुणाकुणाला!

परळच्या हॉस्पिटलात सुईने पाणी काढून तपासलं. त्यात प्रोटीन जास्त निघाल्यावर डॉक्टरांनी लगेच कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लिहून दिली. लिव्हरमधलं रक्त तीन मोठ्या शिरांतून महाशिरेत आणि तिथून हृदयात जातं. स्क्रीनवर वाहतं रक्त लाल-निळं दिसतं. माझ्या दोन शिरांत रंगच नव्हता, तिसरीच्या तोंडाशी बारीकशी रेघ. बड-किआरी सिंड्रोम, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद होणं. माझ्या शिरा रक्ताच्या गुठळीने बंद झाल्या होत्या. वाट अडली की रक्त मागे तुंबतं, लिव्हर फुगतं, पाणी पोटात पाझरतं. अन्ननलिकेतल्या शिराही फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते, म्हणून एंडोस्कोपीही झाली. ती नॉर्मल आली.

पण गुठळी झालीच का? रक्ताच्या तपासण्यांत जेएके-2 नावाच्या जनुकातला बदल पॉझिटिव्ह निघाला, म्हणजे मूळ दुखणं रक्त तयार करणाऱ्या बोनमॅरोत. लिव्हरच्या डॉक्टरांबरोबर रक्ताचे डॉक्टरही आले. पाळीसाठी घेत असलेल्या हार्मोनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद. त्यांनीही गुठळीचा धोका वाढतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मग कॅथलॅब. भूल फक्त मानेपुरती. मानेच्या शिरेतून तार थेट लिव्हरपर्यंत नेली, तिसरी शीर फुग्याने रुंद केली आणि आत स्टेंट बसवला. दुखलं कमी, पण शिरा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून डाय सोडताना अंगातून गरम लाट गेली त्याने घाबरले. हे जमलं नसतं तर टिप्स, म्हणजे लिव्हरमधूनच रक्ताला नवा रस्ता. तेही नाही तर ट्रान्सप्लांट. पुढच्या दिवसांत लघवी वाढली आणि पोट उतरत गेलं.

आता रक्त पातळ करायची गोळी रोज रात्री, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2 ते 3 मध्ये ठेवायचा. डोकं दुखलं तरी मनाने पेनकिलर नाही, दात काढायचा तरी आधी डॉक्टरांना फोन. पालेभाजी बंद नाही, पण प्रमाण दर आठवड्याला सारखं हवं. तिच्यातलं व्हिटॅमिन के वरखाली झालं की आयएनआर हलतो. गणपतीत सासूबाई आग्रह करून अळूवड्या वाढतात. मी दोन घेते, उरलेल्या नवऱ्याच्या ताटात सरकवते.