‘ऑल इन’ म्हणजे नक्की काय?

आज दिवसभर मीटिंगमध्ये ‘वी आर ऑल इन’ कानावर पडत होतं, म्हणून हे लिहितोय. हा शब्द पोकर या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावरचा. खेळाडू समोरच्या सगळ्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) एकदम पुढे सरकवतो, तो ‘ऑल इन’. त्यानंतर त्या डावात त्याला बोली वाढवता येत नाही, पानं टाकून बाहेरही पडता येत नाही. उरलेले पत्ते उघडेपर्यंत नुसतं बघायचं. माघार नाही, हाच अर्थाचा गाभा.

म्हणून ‘कंबर कसली’ किंवा ‘जिवाचं रान केलं’ हे भाषांतर मला पटत नाही. त्यात कष्ट आहेत, जोखीम नाही. ‘सर्वस्व पणाला लावलं’ हेच चपखल. ‘पण’ म्हणजे पैज, तोही द्यूतातलाच शब्द!

वापरताना ‘गो ऑल इन’, आणि कशावर ते सांगायला पुढे ‘ऑन’: ‘दे वेंट ऑल इन ऑन सोलर’. इथे ‘फॉर’ खटकतो. ‘ऑल इन ऑल’ मात्र वेगळं, म्हणजे ‘एकंदरीत’. इथे गल्लत होऊ शकते. ‘ऑल-इन प्राइस’ म्हणजे सगळे खर्च धरून किंमत. आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘आय ॲम ऑल इन’ म्हणणारा माणूस पार थकलेला असतो.