घरकाम, रात्रगाडी आणि ओळीचा शेवट

माझी भाची बर्गनला राहते. तिने आपल्या मुलासाठी नॉर्वेजियन आणि मराठी अशा दोन्ही भाषांत एक छोटी गोष्ट लिहिली आणि पुस्तिका जुळवण्याचे काम माझ्याकडे, इंदूरला, पाठवले. पान अरुंद आणि शब्द लांबलचक असल्यामुळे ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिल्याच प्रुफात ‘बीलदेलेर’, म्हणजे मोटारीचे सुटे भाग, हा शब्द भलत्या जागी तुटला. ‘बील’ म्हणजे मोटार. पण ‘बिल्दे’ म्हणजे चित्र, आणि रोमन लिपीत या शब्दाची पहिली पाच अक्षरे चित्राचीच असल्यामुळे संगणकाने तिथेच जोडरेघ दिली. ‘नवरात्र’ हा शब्द ‘नवरा’पाशी तोडावा, तसेच ते झाले.

साध्या नॉर्वेजियन शब्दाचा नियम सोपा आहे: दोन स्वरांमधल्या व्यंजनांपैकी सामान्यतः शेवटचे एकच पुढच्या ओळीत जाते. जोडशब्दात मात्र सांधा आधी पाहावा लागतो. ‘हूसार्बाइद’ म्हणजे शब्दशः आपले घरकाम. त्याला व्यंजनाचा नियम लावला तर ‘हू’ वर राहतो, ‘सार्बाइद’ खाली जातो आणि घर मोडते. म्हणून ‘हूस’ अखंड ठेवून ‘आर्बाइद’ खाली न्यायचे. ‘आर्बाइद्सप्लास’, म्हणजे कामाची जागा, या शब्दात दोन पदांना सांधणारा ‘स्’ पहिल्या पदाकडेच राहतो. म्हणजे शब्द तोडणाऱ्याला उच्चार कळून भागत नाही, अर्थ कळावा लागतो. मला या भाषेची ही गोष्ट फार आवडली.

त्याहून मन रमले ते ‘नात्तोग’मध्ये. ‘नात्त’ म्हणजे रात्र, ‘तोग’ म्हणजे आगगाडी. दोन्ही मिळून तीन ‘त’ होतात, पण सलग तीन सारखी व्यंजने लिहायची नाहीत म्हणून एक गाळतात. शब्द ओळीच्या शेवटी तुटला, की तो गाळलेला ‘त’ परत येतो: वर ‘नात्त’, खाली ‘तोग’, दोघेही पूर्ण.

भाचीला फोनवर विचारत मी एकेका शब्दाचा सांधा हाताने खुणावला आणि रात्रगाडीचा तिसरा ‘त’ही टंकला. मग तिने आदल्या वाक्यातला एक शब्द बदलला, ओळी सरकल्या आणि तो शब्द तीन ‘त’ व जोडरेघ घेऊन ओळीच्या मधोमध येऊन बसला. तो ‘त’ आणि ती रेघ मी पुन्हा काढली.