टायमिंग गेलं

दारव्हा तालुक्यातल्या गावांमधून मी शिलाई मशिनी दुरुस्त करत फिरतो. 22 वर्षं झाली. डिक्कीत पेचकस, घासलेटची बाटली, सुयांची पाकिटं, चामडी पट्टे आणि नागपूरच्या इतवारीतून आणलेली शटलं, म्हणजे सुईखाली दोरा पकडणारे चोचीचे भाग. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तशी गाडी दारात उभी राहिली. फोन मात्र थांबेना. लग्नात आलेल्या, योजनेत मिळालेल्या, टीव्हीखाली टेबल म्हणून वापरलेल्या मशिनी लोकांनी झटकून बाहेर काढल्या होत्या. बचत गटांना मास्कचं काम मिळत होतं. ज्यांनी आजवर साधं बटणही लावलं नव्हतं, अशा पोरी आणि दोन-चार बाप्येसुद्धा शिवायला बसले.

निम्म्या तक्रारी फोनवर मिटायच्या. सुई उलटी बसवलेली असायची. सुईची सपाट बाजू शटलच्या चोचीकडे हवी आणि दोरा लांब खाचेच्या बाजूनं ओवायला हवा. नाही तर टाका पडतच नाही. मास्कच्या चुण्यांत कापडाचे सहा-सहा थर येतात, तिथं 14 नंबरची सुई वाकते, 16 ची लागते. योजनेवाले मशीन देतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तिला तेल कुठं द्यायचं, एवढं सांगायलाही कोणी थांबत नाही. याचा मला आजही राग येतो.

14 एप्रिलला सकाळी दहाच्या भाषणात लॉकडाऊन 3 मेपर्यंत वाढल्याचं कळलं. भीमजयंती त्या वर्षी घरातच होती. दुपारी एका मुलीचा फोन आला. बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली. जयंतीच्या पताकांसाठी आणलेलं निळं कापड उरलं होतं, त्याचे दोनशे मास्क गटाला द्यायचे होते आणि मशीन जाम झाली होती.

“काका, चाकच फिरून नाही रायलं.”

“तेल कोणतं टाकलं?”

“जवसाचं. घरात तेच होतं.”

मी कपाळावर हात मारला. जवसाचं तेल वाळतं. रंगारी ते रंगात घालतात ते याचसाठी. मशीनमध्ये पडलं की चार दिवसांत चिकट आणि पुढं डिंकासारखं घट्ट होतं. एरवी मी तासाभरात पोचलो असतो, पण त्यांच्या गावानं वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला होता. माझ्याकडं पासही नव्हता.

मग फोनवरच सुरू केलं. वरची मशीन पाटावरून काढून एप्रिलच्या उन्हात ठेवायला सांगितली. तासाभरानं लोखंड तापलं, गोंद सैल झाला. मग प्रत्येक तेलाच्या भोकात घासलेट, आणि चाक थोडं पुढं, थोडं मागं. बॉबिनची डबी काढायला लावली, दोन्ही कड्या बाहेर वळवायला लावल्या. गोल रिंग निघाली, मागून चंद्रकोरीसारखं शटल. त्याच्यामागं काळा दोरा गुंतलेला होता, तो तिनं पिनेनं ओढून काढला. शेवटी बापाच्या मोटरसायकलसाठी आणलेल्या नव्या ऑईलचे दोन-दोन थेंब. मशीन फिरली, पण टाका पडेना.

“फोन मशीनच्या पाटावर ठेव आणि चाक हातानं सावकाश फिरव,” मी म्हटलं. स्पीकरवर कान लावला. दर फेरीला एकाच जागी ‘खट्’. सुई खाली शटलला घासत होती. सुईचा दांडा पेचातून घसरून खाली आला होता.

इथं मी अडलो. माझ्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं: काहीही कर, पण समोरचं झाकण गिऱ्हाइकापुढं उघडू नको. विचारलं तर म्हणायचं, टायमिंग गेलं, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ बिघडला. त्या एका शब्दावर आमच्या धंद्यातल्या कित्येकांची घरं चालतात. माझंही चाललं.

त्या दिवशी मी ते झाकण उघडायला लावलं. दांडा आत्ता जिथं आहे तिथं खूण कर म्हटलं, तर तिनं नेलपॉलिशनं रेघ मारली. पेच सैल करून दांडा दर खेपेला थोडाथोडा वर. सुई तळाला जाऊन जराशी वर उठते तेव्हा दोऱ्याचा फुगा होतो. त्या वेळी शटलची चोच नेढ्याच्या थोडी वर यायला हवी. चौथ्या खेपेला ती ओरडली, “पकडला काका, दोरा पकडला!” बाप बॅटरी धरून उभा होता, तोही ओरडला. मशीन तापवायला गेला तो तास सोडला, तर माझी सगळी विद्या चाळीस मिनिटांत सांगून झाली होती.

जूनमध्ये रस्ता मोकळा झाल्यावर मी मुद्दाम त्या गावी गेलो. मशीन पडवीत होती. झाकण उघडलं. जुनी रेघ एका जागी, दांडा तिच्या दोन-अडीच मिलिमीटर वर घट्ट बसलेला. करायला काहीच नव्हतं. तिनं तोवर गावातल्या आणखी तीन मशिनी सुरू केल्या होत्या.

तिची आई चहा घेऊन आली आणि माझ्याकडं पाहत राहिली.

“तुमाले आठवत नसन. सहा वर्सं झाली. बाजारात आणली होती मी हेच मशीन, आटोत टाकून. तुमी म्हणले टायमिंग गेलं, सातशे लागन. माह्याजवळ दोनशे होते. मंग तशीच आणली वापस.”

मला खरंच आठवलं नाही. बाजाराच्या दिवशी दहा-बारा मशिनी समोर असायच्या.

“तवाबी हेच होतं का जी?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. “तो दांडाच घसरला होता?”

“पाहिल्याशिवाय सांगता येत नाही,” मी म्हणालो.

पण तेव्हा मी पाहिली असणारच. तिच्यासमोरच, पेचकस हातात धरून. आणि दांडा बसवायचे मी दीडशेच घेत असे.